१७ वर्षांच्या निर्व्यसनी मुलाला रक्ताचा कर्करोग का होतो? आणि उपचारांचे संशोधन कुठवर आले आहे?

प्रश्न
विचारणारे: एक मामा, मानेवाडा, नागपूर

नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा १७ वर्षांचा असून अकरावीत विज्ञान शाखेत शिकतो. उन्हाळ्यापर्यंत तो रोज संध्याकाळी मैदानावर कबड्डी खेळत होता. पावसाळा लागल्यावर त्याला बारीक ताप येऊ लागला, पायांची हाडे दुखू लागली आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले. प्लेटलेट कमी दिसल्या आणि त्या दिवसांत आमच्या वस्तीत घरोघरी डेंग्यू होता, म्हणून जवळच्या एका दवाखान्यात त्यावरच उपचार झाले. पायदुखी फार वाढली तेव्हा स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले. त्यानंतर तीन-चार दिवस तो इतका बरा होता की आम्ही त्याला कॉलेजात पाठवले. पुन्हा ताप आला, पुन्हा रक्त तपासले, आणि त्या वेळी प्रयोगशाळेतल्या मॅडमनी स्वतः फोन करून सांगितले की मुलाला आजच मोठ्या रुग्णालयात न्या. अस्थिमज्जेच्या तपासणीत बी-पेशींचा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग निघाला. नागपुरातच उपचार सुरू होऊन आज सहावा दिवस आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, हे झाले कशामुळे? मुलाला सुपारीचेही व्यसन नाही. तरीही नातेवाइकांत रोज नवे कारण निघते. कोणी म्हणते, रात्रभर मोबाइल उशाशी ठेवल्याने झाले. कोणी म्हणते, ताईने गरोदरपणात तीनदा सोनोग्राफी केली त्याचे हे फळ. तर कोणी काटोलकडच्या आमच्या जावयांच्या संत्र्याच्या बागेतील फवारणीकडे बोट दाखवते. ताई दिवसभर मुलाजवळ बसते आणि रात्री बाहेरच्या बाकावर मला विचारते की माझे काय चुकले. तिला सांगता येईल असे खरे उत्तर मला हवे आहे, नुसता धीर नको.

दुसरी, डॉक्टर म्हणाले की त्याला 'लहान मुलांच्या प्रोटोकॉलने', म्हणजे मुलांसाठी ठरलेल्या उपचारपद्धतीने, औषधे देणार आहेत. तो पाच फूट दहा इंच उंचीचा मुलगा आहे. मग त्याला हलकी औषधे तर मिळत नाहीत ना?

तिसरी, रुग्णाच्याच पेशी बदलून पुन्हा शरीरात सोडण्याच्या नव्या उपचाराबद्दल आम्हाला सतत संदेश येत आहेत. आम्ही केमो थांबवून मुंबईला जावे, असे घरातल्या काही ज्येष्ठांचे मत आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १
निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, धंतोली

आपल्या ताईंच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझी सारी नोकरी रक्ताच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात गेली आणि अहवाल हाती घेऊन हाच प्रश्न विचारणाऱ्या अनेक आया मी पाहिल्या आहेत. त्यांचे काहीही चुकलेले नाही. हे मी धीर देण्यासाठी लिहीत नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या संशोधनाने हेच दाखवले आहे.

प्रौढांचे बरेचसे कर्करोग म्हणजे दशकानुदशके साठत गेलेली झीज असते. तंबाखूचा धूर, दारू, ऊन, जुनाट जंतुसंसर्ग यांनी पेशीच्या जनुकांवर पडलेले ओरखडे वीस-तीस वर्षांनी गाठीच्या रूपाने दिसतात. मुलांच्या बाबतीत इतका काळ गेलेलाच नसतो. त्यांचा कर्करोग बहुधा वाढीच्या कामातच घडलेल्या चुकीतून येतो. अस्थिमज्जा रोज अब्जावधी नव्या पेशी तयार करते आणि प्रत्येक विभाजनात जनुकांची संपूर्ण नक्कल उतरवावी लागते. त्यातही बी-पेशींचे काम विशेष जोखमीचे आहे. हजारो प्रकारच्या जंतूंसाठी वेगवेगळी प्रतिपिंडे बनवता यावीत म्हणून या पेशी आपल्याच जनुकांचे तुकडे मुद्दाम कापतात आणि नव्याने जोडतात. कापाकापी करणारी तीच यंत्रणा क्वचित भलत्या जागी चालते. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींत अशा चुकीच्या कापण्याच्या खुणा प्रत्यक्ष सापडल्या आहेत.

जनुकांतील अशी चूक गर्भातच घडू शकते, याचा फार सुंदर पुरावा जुळ्या मुलांच्या अभ्यासातून मिळाला. लंडनचे संशोधक मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की एकाच वारेवर वाढलेल्या जुळ्यांपैकी दोघांना ल्युकेमिया झाला, तर दोघांच्या पेशींत नेमका एकाच ठिकाणी जोडलेला तोच जनुकदोष असतो. म्हणजे तो दोष गर्भातच एका बाळाच्या पेशीत घडला आणि वारेतील रक्तातून दुसऱ्याकडे गेला. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट केली. बाळ जन्मल्यावर टाच टोचून रक्ताचा थेंब टिपकागदावर घेण्याची पद्धत अनेक देशांत आहे, आणि ते कागद वर्षानुवर्षे जपून ठेवलेले असतात. ज्या मुलांना पुढे ल्युकेमिया झाला त्यांचे जुने कागद काढून तपासले, तेव्हा त्यांपैकी काहींच्या त्या वाळलेल्या थेंबात हा दोष जन्माच्या वेळीच हजर होता. असा दोष घेऊन जन्मलेल्या मुलांपैकी फार थोड्यांनाच पुढे आजार होतो, कारण त्यासाठी नंतर दुसरा आघातही व्हावा लागतो. ग्रीव्ह्ज यांचे मत असे की बालपणीच्या जंतुसंसर्गांना शरीर ज्या पद्धतीने तोंड देते त्यातून हा दुसरा आघात होत असावा. त्याला बरेच पाठबळ मिळाले असले, तरी तो अजून सिद्धान्तच आहे. आपला भाचा १७ वर्षांचा आहे आणि जन्मापासून दिसणारा हा प्रकार प्रामुख्याने दोन ते पाच वर्षांच्या मुलांत आढळतो, म्हणून त्याच्या बाबतीत तेच घडले असे मी म्हणणार नाही. किशोरवयात दोषांची जातकुळी वेगळी असते, त्याविषयी दुसरे कोणी लिहितील.

दोन आघातांची ही कल्पना मूळची आल्फ्रेड नुडसन यांची. त्यांनी १९७१ मध्ये रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्याच्या कर्करोगावरून ती मांडली. (मुलाचा फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल, तर तो फोटो घेऊन त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जावे. विषयांतर होत असले तरी हे लिहिल्यावाचून राहवत नाही.)

आनुवंशिकतेबद्दल: २०१५ मध्ये अमेरिकेत कर्करोग झालेल्या २० वर्षांखालील १,१२० रुग्णांची जनुके वाचण्यात आली आणि त्यांपैकी ८.५ टक्के रुग्णांत कर्करोगाकडे झुकवणारा जन्मजात दोष सापडला. उरलेल्या नव्वदहून अधिक टक्क्यांत तो सापडला नाही. आपल्या कुटुंबात पंचेचाळिशीच्या आत कर्करोग झालेले दोन-तीन जवळचे रक्ताचे नातेवाईक असतील, तर डॉक्टरांना ते जरूर सांगावे. तसे काही नसेल, तर भावंडांना घेऊन प्रयोगशाळांच्या चकरा मारण्याची गरज नसते.

आता नातेवाइकांच्या कारणांकडे येतो. सोनोग्राफी ध्वनिलहरींनी होते आणि तिचा ल्युकेमियाशी संबंध आढळलेला नाही. गोंधळ क्ष-किरणांमुळे होतो. १९५६ मध्ये ॲलिस स्टुअर्ट यांनी ऑक्सफर्डमधून दाखवले की गर्भवतीच्या पोटाचे एक्स-रे काढले, तर मुलातील कर्करोगाचा धोका वाढतो, आणि तेव्हापासून ती पद्धत जवळजवळ बंदच झाली. मोबाइलच्या लहरींत जनुकाचा धागा तोडण्याइतकी ऊर्जा नसते आणि त्यांनी ल्युकेमिया होतो असा पुरावा नाही. फवारणीची गोष्ट मात्र मी झटकून टाकणार नाही. घरात वा परिसरात कीटकनाशकांचा वापर आणि बालवयातील ल्युकेमिया यांचा संबंध अनेक अभ्यासांत एकत्रितपणे दिसला आहे. पण तो संबंध माफक आहे, आणि एका विशिष्ट मुलाला त्यामुळेच आजार झाला असे त्यावरून ठरवता येत नाही. बागेतील औषधांचे डबे घरात ठेवू नयेत, फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत, हे असेही करायलाच हवे. त्याचा दोष जावयांच्या माथी मारण्यात मात्र न्याय नाही.

शेवटी स्टेरॉइडविषयी. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशी स्टेरॉइडने तात्पुरत्या विरघळतात. म्हणून तुमच्या भाच्याला चार दिवस बरे वाटले. निदानाआधी अशी मात्रा पडली की काचेवर रोग दिसेनासा होऊ शकतो, आणि उपचाराला प्रतिसाद कसा आहे हे मोजण्यातही घोटाळा होतो. आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्या इंजेक्शनची तारीख आणि नाव अजून सांगितले नसेल, तर आजच सांगावे. ज्या मॅडमनी स्वतः फोन केला त्यांनी यंत्राच्या आकड्यावर न थांबता काच पाहिली असणार. मोठे केंद्रक, त्याभोवती पेशीद्रवाची जेमतेम एक निळसर कड, आणि अशा पेशी एकामागून एक: हे दृश्य एकदा पाहिले की विसरता येत नाही.

उत्तर २
एक आई, वर्धा

दादा, मी डॉक्टर नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिला हाच आजार झाला आणि अडीच वर्षे आम्ही वर्धा-नागपूर केले. आता ती दहावीत आहे. तुमच्या ताईंसाठी दोन-चार गोष्टी लिहिते.

पहिल्या महिन्याच्या शेवटी अहवालात 'रेमिशन' असा शब्द येईल, म्हणजे तपासणीत रोगपेशी दिसेनाशा झाल्या. आमच्या वॉर्डात त्या दिवशी पेढे वाटायची पद्धत होती, आणि आम्हीही वाटले. पण आमच्या शेजारच्या खाटेवरील मुलाच्या वडिलांनी त्याचा अर्थ 'बरा झाला' असा घेतला. धानाची रोवणी तोंडावर आली होती, घरी दुसरी दोन लेकरे होती, मूलही हसत-खेळत होते. ते गावी गेले ते परत आलेच नाहीत. आठ महिन्यांनी मुलाला घेऊन आले, तेव्हा आजार उलटला होता. मी त्या माणसाला दोष देत नाही, कारण त्यांना थांबवून समजावून सांगणारे कोणी भेटले नव्हते. तुम्ही मात्र आतापासूनच घरात सगळ्यांना सांगून ठेवा की उपचार दोन-अडीच वर्षांचा आहे, आणि मूल धडधाकट दिसत असतानाचे उपचारच सर्वांत लांब असतात.

त्या लांबच्या टप्प्यात रोज रात्री मर्कॅप्टोप्युरीनची गोळी असते. आमच्या मुलीला एक दिवस अख्खी आणि दुसऱ्या दिवशी अर्धी द्यायची होती. मी गोळी कापायचे छोटे यंत्र आणले आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज रात्री खूण करत गेले: अख्खीला उभी रेघ, अर्धीला आडवी. डॉक्टर ते कॅलेंडर तपासायचे. त्यांनीच सांगितले होते की अमेरिकेत स्मिता भाटिया यांनी या गोळीवर मोठा अभ्यास केला आहे आणि ज्या मुलांच्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतल्या गेल्या, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका स्पष्टपणे वाढलेला दिसला. तुमचा भाचा १७ वर्षांचा आहे. या वयाची मुले 'घेतली' म्हणतात आणि गोळी टेबलावरच राहते. म्हणून रागावू नका, पण गोळी समोर घ्यायला लावा.

तापाचे मात्र कडक ठेवा. १००.४ फॅरनहाइट ताप दिसला की सकाळची वाट पाहायची नाही आणि घरी पॅरासिटामॉल देऊन बसायचे नाही. आम्ही रात्री अडीच वाजता ॲम्ब्युलन्सने निघालो आहोत. पांढऱ्या पेशी नसताना साधा जंतूही काही तासांत जिवावर उठतो.

आणखी एक. व्हिन्क्रिस्टीन नावाचे इंजेक्शन त्याला बहुधा मिळाले असेल. त्याने जबडा दुखतो, पोट साफ होत नाही, चालताना पाऊल उचलत नाही. यांतले काहीही झाले तर लपवू नये, डॉक्टर त्यावर उपाय करतात. हे औषध सदाफुलीपासून मिळते, असे मला तिथल्या सिस्टरने सांगितले तेव्हा मी थक्क झाले. आमच्या अंगणात, तुळशीच्या कट्ट्यापाशी, न लावता उगवलेली सदाफुली होती. मुलीच्या आजीला वाटले की मग पानांचा रसच द्यावा. सिस्टरने हात जोडून सांगितले की असे मुळीच करू नका, ते झाड विषारी आहे. औषध म्हणजे टनावारी पानांतून काढलेला काही ग्रॅमचा अंश असतो आणि त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर पहिल्याच दिवशी जा. शिधापत्रिका आणि आधार यांतील नावे जुळतात का ते आधी पाहा. आमचे एका वेलांटीसाठी नऊ दिवस गेले होते.

मूळ प्रश्नकर्ते

दोघांचेही मनापासून आभार. जुळ्यांची गोष्ट मी ताईला वाचून दाखवली. तिने ती पुन्हा एकदा वाचायला सांगितली. स्टेरॉइडच्या इंजेक्शनची चिठ्ठी सापडली आणि ती आज डॉक्टरांना दिली. प्रोटोकॉल आणि नवे उपचार यांविषयी कोणी लिहावे, ही विनंती.

उत्तर ३
बालकर्करोग विभागातील डॉक्टर, मूळ गाव उमरेड

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना उलटे वाटते. लहान मुलांचा प्रोटोकॉल हलका नसतो, तो अधिक कडक असतो.

काही वर्षांपूर्वीपर्यंत १६ ते २० वयाचा रुग्ण बालरोग विभागात गेला की मुलांच्या पद्धतीने आणि प्रौढांच्या विभागात गेला की प्रौढांच्या पद्धतीने उपचार घेत असे. कोणत्या दारातून आत शिरला, एवढाच फरक. २००८ मध्ये अमेरिकेतील अशा ३२१ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. सात वर्षांनंतर मुलांच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपैकी ६७ टक्के हयात होते, तर प्रौढांच्या पद्धतीने घेतलेल्यांपैकी ४६ टक्के. मुलांच्या पद्धतीत ॲस्परॅजिनेज, व्हिन्क्रिस्टीन आणि स्टेरॉइड यांच्या मात्रा जास्त असतात, मेंदूभोवतीच्या द्रवात दडणाऱ्या पेशींसाठी पाठीतून द्यावयाची इंजेक्शने लवकर आणि अधिक वेळा दिली जातात, आणि तारखा सहसा पुढे ढकलल्या जात नाहीत. नंतर १७ ते ३९ वयाच्या २९५ रुग्णांना हीच पद्धत देऊन पाहण्यात आली. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि तीन वर्षांनंतर ७३ टक्के रुग्ण हयात असल्याचे दिसले. त्या वयाच्या पूर्वीच्या अनुभवापेक्षा हे बरेच चांगले होते. म्हणून आपल्या डॉक्टरांनी घेतलेला निर्णय योग्यच आहे.

या उपचारांचा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण त्यात एक आपला माणूस आहे. भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेत गेले, आणि लेडर्ले कंपनीत त्यांच्या चमूने फॉलिक आम्लाला अडवणारी द्रव्ये तयार केली. त्यांतील अमिनोप्टेरिन हे द्रव्य बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस ल्युकेमियाच्या मुलांना दिले. १६ पैकी १० मुलांत सुधारणा दिसली. ती काही महिनेच टिकली. पण मुलांचा हा तीव्र ल्युकेमिया औषधाने मागे हटू शकतो, हे त्यातून दिसले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आज आपल्या भाच्याला मिळत असेल. पुढे मेम्फिस येथे डोनाल्ड पिंकेल यांनी सर्व औषधे एकत्र, टप्प्याटप्प्याने आणि मेंदूवरील उपचारांसह देण्याचे ठरवले आणि साठच्या दशकाच्या अखेरीस निम्मी मुले बरी होऊ लागली. आज संपन्न देशांत हे प्रमाण नव्वदीच्या आसपास आहे. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की या मोठ्या चढणीतील बराचसा भाग एखाद्या चमत्कारी नव्या औषधाने झालेला नाही. जुनीच औषधे कोणत्या क्रमाने, किती आणि कोणाला, हे हजारो मुलांच्या चाचण्यांतून शिकत गेल्याने तो झाला.

आपल्या देशातही तेच घडले. सत्तरच्या दशकात भारतात या आजारातून चार वर्षे निर्धोक पार पडणारी मुले २० टक्क्यांहून कमी होती. १९८४ नंतर मुंबईचे टाटा स्मारक, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी एमसीपी-८४१ नावाचा एकच प्रोटोकॉल २५ वर्षांखालील रुग्णांसाठी स्वीकारला आणि हे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांवर गेले. आता अनेक रुग्णालये मिळून धोक्याच्या पातळीनुसार उपचार ठरवणारी आयसीआयसीएलई-एएलएल-१४ ही चाचणी भारतातच चालवत आली आहेत.

आपण डॉक्टरांना विचारावेत असे काही प्रश्न सुचवतो. पहिला महिना संपल्यावर एमआरडी, म्हणजे उरलेल्या रोगपेशींची मोजणी, फ्लो सायटोमेट्रीने (एकेक पेशी यंत्रातून तपासण्याच्या पद्धतीने) होईल का? सूक्ष्मदर्शकात शंभरात पाच पेशीही नजरेतून सुटू शकतात. या तपासणीत दहा हजारांतील एक सापडते. पुढचा उपचार तीव्र करायचा की नाही, हे मुख्यतः तिच्यावर ठरते. दुसरे, फिलाडेल्फिया गुणसूत्राची, म्हणजे दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनलेल्या गुणसूत्राची, तपासणी झाली का? तो दोष निघाला तर इमॅटिनिब वा डॅसॅटिनिबसारखी गोळी केमोबरोबर जोडतात आणि पूर्वी अतिशय वाईट मानल्या जाणाऱ्या या प्रकाराचे चित्र त्याने पालटले आहे. किशोरांत सुमारे पाचांत एक रुग्ण असा असतो की हे गुणसूत्र नसूनही त्याच्या पेशी त्याच्यासारख्याच वागतात. २०१४ मध्ये हे स्पष्ट झाले. तिसरे, मर्कॅप्टोप्युरीन सुरू करण्यापूर्वी एनयूडीटी-१५ या जनुकाची तपासणी शक्य आहे का? त्यातील एक बदल आशियाई लोकांत अधिक आढळतो, आणि तो असलेल्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या मात्रेने धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. हा शोधही २०१४ चाच.

आता पेशी बदलण्याच्या उपचाराविषयी. सीएआर-टी नावाचा हा उपचार म्हणजे थाप नाही. मुलांमध्ये तो प्रथम २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एका सहा वर्षांच्या मुलीला दिला गेला आणि ती आजही निरोगी आहे. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशाच्या मानाने त्याची किंमत पुष्कळ कमी असली तरी ती अनेक लाखांत आहे. मात्र तो उपचार केमोला न जुमानणाऱ्या किंवा उलटलेल्या आजारासाठी आहे. पहिल्यांदाच निदान झालेल्या आणि प्रतिसाद देणाऱ्या मुलासाठी केमो थांबवून त्याच्यामागे जाणे, ही माझ्या मते गंभीर चूक ठरेल. थांबलेल्या प्रत्येक आठवड्यात उरलेल्या पेशींपैकी ज्या औषधाला दाद देत नाहीत त्यांना वाढायला वाव मिळतो.

पहिल्या फळीच्या उपचारात खरोखर भर घालणारी अलीकडची गोष्ट म्हणजे ब्लिनाटुमोमॅब. हे प्रतिपिंड एका हाताने ल्युकेमियाची पेशी आणि दुसऱ्या हाताने शरीराची स्वतःची टी-पेशी (रोगट पेशी मारणारी पांढरी पेशी) धरून दोघींना समोरासमोर आणते. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,४४० मुलांच्या चाचणीत केमोबरोबर ते दिल्यावर तीन वर्षांनी ९६ टक्के मुले आजारमुक्त होती, तर केवळ केमोवर ८७.९ टक्के. ती चाचणी साधारण धोक्याच्या लहान मुलांची होती, १७ वर्षांच्या रुग्णांची नव्हती, आणि औषध २८ दिवस अखंड शिरेतून द्यावे लागते. आपल्याकडे ते सर्वांपर्यंत पोहोचायला वेळ लागेल, आणि याची मला रोज खंत वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार संपन्न देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात आणि अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. ही दरी संशोधन नसल्याने पडलेली नाही. निदानाला उशीर, अर्ध्यावर सोडलेले उपचार, कुपोषण आणि जंतुसंसर्ग यांनी ती पडली आहे. वर्ध्याच्या ताईंनी रोवणीच्या दिवसांत गावी गेलेल्या कुटुंबाविषयी लिहिले आहे, ते मी आमच्या विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला वाचायला देणार आहे.

उत्तर ४
दंतवैद्य, इतवारी

मूळ प्रश्न ल्युकेमियाचा आहे याची जाणीव ठेवून थोडक्यात लिहितो. वर निवृत्त डॉक्टरसाहेबांनी म्हटले की मुलांच्या कर्करोगात कोणाचा दोष नसतो. ते अगदी खरे आहे. पण 'तरुणांना कर्करोग नशिबानेच होतो' असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये, कारण आपल्या शहरात तरुणांचा एक कर्करोग असा आहे की ज्याचे कारण पानठेल्यावर आपल्या डोळ्यांदेखत घोटले जाते. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून लाकडी पट्टीवर घासतात आणि गरम झालेली पुडी गिऱ्हाइकाच्या हाती देतात. खर्रा म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको. नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेले आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण ठेल्यावर घोटलेला खर्रा चालूच राहिला.

माझ्याकडे विशीतली मुले येतात ती तोंड उघडत नाही म्हणून. मी दोन बोटे उभी धरून आत जातात का पाहतो, जात नाहीत. गालाच्या आतील बाजूस बोट फिरवले तर दोरीसारखे पांढरट पट्टे लागतात. हा सबम्युकस फायब्रोसिस. तिखट लागले की तोंडाची आग होते, ही त्याची पहिली खूण. यांतल्या काहींना पुढे कर्करोग होतो आणि तो तिशी-पस्तिशीत होतो. नागपुरात १९८० पासून कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी चालू आहे आणि तोंडाचा कर्करोग पुरुषांत येथे फार मोठ्या प्रमाणावर आढळत आला आहे. अकरावीच्या वर्गातील मुलांना भाच्याच्या आजाराबद्दल कळेलच. तेव्हा त्याच्या मित्रांपैकी जे खर्रा खातात त्यांना माझ्याकडे किंवा कोणत्याही दंतवैद्याकडे एकदा पाठवावे. तोंड पाहायला पाच मिनिटे लागतात.

उत्तर ५
जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी, नागपूर

तरुणांतील कर्करोगाची कारणे हा विषय निघालाच आहे म्हणून एक भर घालते. मोठ्या आतड्याचा कर्करोग पन्नाशीच्या आतील लोकांत अनेक देशांत वाढतो आहे. अमेरिकेत तर त्यामुळे २०२१ मध्ये तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणावे लागले. २०२५ मध्ये ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठींची जनुके वाचून असे दिसले की आतड्यातील काही ई-कोलाय जिवाणू कोलिबॅक्टिन नावाचे जे विष सोडतात, त्याच्या खुणा चाळिशीच्या आतील रुग्णांत सत्तरीपुढील रुग्णांपेक्षा ३.३ पट अधिक आढळतात. त्या खुणा बहुधा बालपणीच्या पहिल्या काही वर्षांत उमटलेल्या असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज आहे. कारण म्हणून हे अजून सिद्ध झालेले नाही. पण ल्युकेमियातील तो टिपकागदावरचा थेंब वाचताना मला हेच आठवले. दोन्हीकडे आजार दिसण्याच्या पुष्कळ आधी पहिली ठेच लागून गेलेली आहे, आणि ती आता शोधता येऊ लागली आहे.

मूळ प्रश्नकर्ते

सर्वांचा ऋणी आहे. काल आठवा दिवस होता. रक्तातील ब्लास्ट पेशी (ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी) जवळजवळ दिसेनाशा झाल्या आहेत, असे डॉक्टर म्हणाले. पण आधी पडलेल्या स्टेरॉइडमुळे या आकड्यावर फार विसंबणार नाहीत आणि महिनाअखेरच्या एमआरडीची वाट पाहतील, असेही त्यांनी सांगितले. फिलाडेल्फिया गुणसूत्राचा अहवाल नकारात्मक आला आहे. एनयूडीटी-१५ चा नमुना पुढच्या आठवड्यात पाठवणार आहेत. मुंबईला जाण्याचा विषय घरात आता कोणी काढत नाही. वर्ध्याच्या ताईंनी कालनिर्णयचे लिहिले होते, म्हणून मी बर्डीवरून एक मोठे कॅलेंडर आणले आणि ते ताईच्या घरी भाच्याच्या खोलीत लावले आहे. उभ्या-आडव्या रेघा तो स्वतः ओढणार, असे त्याने आजच ठरवून टाकले.